शेजारणीचं वय

सोलापुरात आमच्या गिरणीच्या चाळीत पिकल्या केसांची एक शेजारीण होती. वय विचारलं की म्हणायची, "मला पाचवं लागलंय की. येशूवर इसवास ठेवला, तवा जन्मले." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. येशूकडे वळण्याआधी तिच्या शिव्यांना सगळी चाळ भ्यायची. नळावरच्या भांडणात तिनं माझी घागरही फोडली होती.

एका उन्हाळ्यात मी तापानं पडले. न बोलावता ती आली. माझ्या पोरांना भाकरी करून घातली, माझं डोकं चेपलं.

मी विचारलं, "माझी घागर फोडलेली आठवती का?"

"आठवती की. पर ती म्हातारी मेली. तिच्या वतीनं तुझी माफी मी मागते."

त्यानंतर कुणी तिचं वय विचारलं, की मीच आधी सांगायची, "पाचवं लागलंय." आणि हसणारीवर डोळे वटारायची.