धोंडिबाच्या पाठीवरचा पाय

सन २००३. मी तवा एकसष्ट वर्षांचा होतो. हे मी बायकोला बोललो न्हाई, देवापुढंबी न्हाई — आज तुमाला सांगून राहिलो.

मी पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून आलो. अशा माणसानं कंबरेला पाय लावला की उसण निघते, असं आमच्याकडं मानतात. पार जवळा बाजार गावापासून माणसं यायची. उंबऱ्यावर पालथं झोपवायचं, डाव्या पायानं तीन बार. लाथ मारायची म्हणतात, पर मारायची नसते — टेकवायची असते.

धोंडिबा माझा धाकटा भाऊ. त्याच्या मणक्यातली गादी सरकून नसेवर बसली होती. माझा पाय दोनदा लावून घेतला, गुण आला न्हाई. नांदेडचा डॉक्टर म्हणाला, दुर्बिणीतून ऑपरेशन करू. बोटभर चीर, दोन दिवसांत चालत घरी. सोमवार ठरला.

रविवारी सकाळी ओट्यावर चार माणसं बसलेली. धोंडिबा हसत म्हणाला, "दादाचा पाय म्हातारा झाला, गड्याहो. दुर्बिणीला आतलं दिसतं, दादाला कुठं दिसतं?"

सगळे हसले. मीबी हसलो. मग म्हणालो, "जाता जाता एक बार घे की." माझा मान राखायला तो पालथा झाला.

आता कसं सांगू — पाय उचलला तवाच मला ठावं होतं, हा दवा म्हणून उचलला न्हाई. टाच मारली. सगळं अंग तिच्यावर टाकलं.

तो ओरडला न्हाई. श्वास तेवढा अडकला. दुपारपर्यंत दोन्ही पाय बधिर, लघवी झालेली कळंना. त्याची बायको रडून राहिली, जीप बोलवा म्हणे. मी म्हणालो, उसण निघून राहिली, पडू द्या. काहून म्हणालो? चार माणसांत माझा पाय खोटा ठरला असता. बस, तेवढ्यासाठी.

सोमवारी ऑपरेशन बराबर झालं, पर नस मेली होती. कालच आणायचं होतं, डॉक्टर म्हणाला. काय झालं होतं, तेबी विचारलं. मी म्हणालो, बैलगाडीतून उतरताना पडला. धोंडिबा खाटेवरून माझ्याकडं बघत होता.  त्याला वाटलं असंल, दादाचा पाय चुकला. सहा वर्षं अंथरुणात काढली, अन् तेच समजून गेला.

चुकला नव्हता.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांना चारा टाकायला मी गावी आलो. तांड्यावरचा एक माणूस कंबर धरून ओट्यावर बसला होता. मी चप्पल काढली अन् त्याला उंबऱ्यावर पालथं व्हायला सांगितलं.