जळक्या तेलाखालची डहाणूची माती

"आमची चिकूची झाडं खंगताहेत गं, आणि तुझी फार आठवण येते," कुसुम फोनवर एका दमात म्हणाली. शाळेपासूनची मैत्रीण, निघावंच लागलं. नव्वदच्या दशकातला जानेवारी. नाशिकहून जव्हारमार्गे डहाणूची सकाळची एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर खिडकी पकडा आणि घाटाआधी काही खाऊ नका.

भूक डहाणूसाठी राखा. कुसुमने तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी वाढली. मग घरामागची वाडी पाहिली. झाडांखाली गेल्या वर्षीची पानं अजून करकरीत, कुजायचं नाव नाही. वास मात्र गॅरेजचा!

"वाळवीवर इंजिनातलं जळकं तेल," तिचे रेल्वेतले यजमान अभिमानाने म्हणाले. "इकडे सगळे दाराच्या चौकटीला लावतात. मी मुळाशी ओततो."

"भावोजी, झाड म्हणजे चौकट नव्हे!"

दुसऱ्या दिवशी ते आणखी तेल आणायला निघाले. मीही स्कूटरवर मागे बसले. तलासरीपुढे ट्रकच ट्रक. अच्छाडच्या धाब्यावरची दाल-रोटी मात्र चुकवू नका. धाब्याशेजारच्या गॅरेजवाल्याने तेलाचा डबा पुढे केला. "साहेब, आज एकदम काळंकुट्ट आहे हां."

"मग तुम्हीच प्या," मी म्हटलं. भावोजींनी डबा घेतलाच.

परतल्यावर मी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने शिकवलेला प्रयोग मांडला. एका गाळणीत कुंपणालगतची माती, दुसरीत चिकूखालची. खाली पांढऱ्या बश्या, वर कडक ऊन. ऊन लागलं की मातीतले बारके जीव खाली पळतात.

"अगं, माझी चहाची गाळणी!" कुसुम किंचाळली.

ऊन कलेपर्यंत कुंपणाच्या बशीत पांढरे-तांबूस ठिपके चालू लागले. काही तर टुणकन उडत होते. दुसरी बशी कोरी.

"पानांची माती हेच जीव करतात," मी म्हटलं. " तुम्ही वाळवीबरोबर यांनाही मारलंत. झाडांना आता जेवू कोण घालणार?"

भावोजी बशीवर ओणवे झाले. "एवढे असतात?" म्हणाले, आणि कुदळ घेऊन तेलकट माती खरवडायला गेले. डबा गॅरेजला परत गेला. तिथे तो मागच्या नाल्यात रिकामा झाला असणार, याचा संताप मला आजही आहे.

नाशिकला आल्यावर प्रत्येक फोनवर आधी झाडांची चौकशी. दोन मेली. उरलेल्यांखाली भावोजी कुंपणाकडची पाचोळ्याची माती आणून पसरत राहिले. दर वेळी गाळणीखालची बशी कोरीच. पुढचा पावसाळा सरल्यावर कुसुमचा फोन आला.

"हे सकाळपासून त्या बशीपुढे बसलेत. चहा गार झाला. म्हणतात, ताईंना कळव, एक उडाला."