सगळे थ्रेड, स्टॅच्यू!

बग एकदा सुधारला की त्याचं नाव कुणी काढत नाही. पण तो शोधताना आम्ही जे दिवे लावलेले असतात ना, ते चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं पुरतात! सुरतेत उधन्याला आमची छोटीशी कंपनी. एम्ब्रॉयडरीची मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्याच्या पोटात एकाच वेळी बरेच थ्रेड राबत असतात. एक मशीनशी बोलतो, दुसरा डिझाईन पुरवतो, तिसरा किती काम झालं त्याची नोंद ठेवतो.

आणि बग शोधायचं आमचं हत्यार, डीबगर, म्हणजे त्या सगळ्यांना 'स्टॅच्यू' म्हणणारा गडी. म्हटलं की जागच्या जागी! मग कोण कुठे उभा आहे, हातात काय धरलंय, ते निवांत बघायचं. इतकी वर्षं झाली, मला अजून त्याची गंमत वाटते.

* * *

डीबगरच्या यादीत थ्रेडना नुसते नंबर असतात. आमच्या हितेशला नंबर काही लक्षात राहीनात, म्हणून पठ्ठ्याने थ्रेडना ऑफिसातल्या माणसांची नावं देऊन टाकली. एकदा मी विचारलं, "काय रे, कुठे अडलंय?"

तो तिथूनच ओरडला, "संजूभाई, बाकी सगळे कामात आहेत. भावेशभाई तेवढे सकाळपासून झोपलेत!"

भावेशभाई म्हणजे आमचे मालक. नेमके मागेच उभे! हितेश पांढराफटक. भावेशभाईंनी वाकून स्क्रीन बघितली, शांतपणे म्हणाले, "झोपू दे. मी उठलो की तुमचं काम बिघडतं."

* * *

मग ज्योती तात्पुरती म्हणून कामाला आली. डिंडोलीची पोर, घरी अहिराणी बोलणारी. आई घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवते, डोळ्यांना सारखं पाणी येतं तिच्या. "मी इथे पक्की झाले ना दादा, की आईच्या साड्या बंद," हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पहिल्याच आठवड्यात ती बटण दाबत दाबत डिझाईनवाल्या थ्रेडच्या मागे कोडची एकेक ओळ चालली होती. अचानक दचकली. "दादा, मी डिझाईनच्या मागे होते. मला या नोंदवाल्याच्या घरात कुणी आणून सोडलं?"

मी म्हटलं, "अगं, तू एक पाऊल टाकतेस तेवढ्यात बाकीचेही पळत असतात. आपण घातलेल्या अडसराला जो आधी धडकेल, त्याच्याकडे डीबगर तुला घेऊन जातो."

"पण बाकीच्यांना बांधून नाही ठेवता येत?"

"येतं की! त्याला फ्रीझ म्हणतात."

झालं! दिवसभर बाई याला बांध, त्याला सोड, हेच करत बसली. हितेश म्हणाला, "संजूभाई, हिला कशाला सांगितलंत? आता ही डबा खायलाही उठायची नाही."

* * *

हितेशचं ऐका. एकदा टेस्टची कॉपी समजून त्याने डीबगर थेट कडोदऱ्याच्या चालू कारखान्याला जोडला, स्टॅच्यू केलं आणि गेला जेवायला! आमचं सॉफ्टवेअर गप्प झालं की मशीनंही थांबतात. अख्खी शेड बंद!

जेवून आला, स्क्रीन बघितली, आणि तोंडचं पाणीच पळालं. तिथल्या मुकादमाला, भिकनभाऊंना, फोन लावून सगळं कबूल केलं. भिकनभाऊ शिरपूरकडचे. म्हणाले, "आमी चहा पी राह्यनूत, भाऊ. तुमनं जेवण निवांत होऊ द्या!"

* * *

पण त्या कारखान्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. आठवड्यातून एखाद्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप हँग व्हायचं. आम्ही डीबगर जोडून बसलो की शहाण्या बाळासारखं चालायचं! कारण डीबगर जोडला की थ्रेडांची चाल जराशी बदलते, आणि ज्या क्षणी दोघांची टक्कर व्हायची, तो क्षणच टळतो.

कारखान्याचे शेठ म्हणाले, "म्हणजे पोलीस उभा असला की चोर येत नाही?"

"बरोबर, शेठ."

"मग पोलीस कायमचाच उभा करा ना!"

आणि भावेशभाईंनी खरंच डीबगर तसाच जोडून ठेवला! बरं चाललं होतं. मग कुणीतरी नको म्हणून स्क्रीनवरची डीबगरची खिडकी बंद केली, आणि त्याच दुपारी पुन्हा हँग.

शेठ पेटले. "शनिवारपर्यंत चोर पकडा, नाहीतर तुमचं सॉफ्टवेअर उचला!"

भावेशभाईंनी ज्योतीला बोलावून सांगितलं, "बेन, हे गिऱ्हाईक गेलं तर नवीन माणूस ठेवणं मला जमणार नाही." ती नुसतं "हो" म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

* * *

शनिवारी आम्ही सगळे कडोदऱ्याला. ज्योती म्हणाली, "चोराची वाट कशाला बघायची? चोरी मीच घडवते."

तिने सगळे थ्रेड थांबवले. डिझाईनवाल्याने डिझाईन हातात घेतलं होतं, त्याला तिथेच बांधलं. मग नोंदवाल्याला एकट्याला सोडलं. त्याने नोंद धरली आणि डिझाईनची वाट बघत उभा राहिला. आता तिने डिझाईनवाल्याला मोकळं केलं. त्याला हवी होती नोंद! दोघेही आपल्या हातातलं सोडेनात. आधी तू दे, नाही आधी तू!

एकेक करत मशीनं थांबली. शेड गप्प. कित्येक महिने "आमच्याकडे तर होत नाही हो" म्हणणारे आम्ही, आणि आज डोळ्यांदेखत हँग!

भावेशभाईंनी उडीच मारली. "हँग थई गयुं! हँग थई गयुं!" त्यांनी शेठलाच मिठी मारली. "सापडलं म्हणजे सुधारलंच समजा! ज्योतीबेन, तू पक्की! हितेश, पळ, पेढे आण!"

शेठ हातातल्या पेढ्याकडे बघत म्हणाले, "मशीनं बंद पडल्याचे पेढे पहिल्यांदाच खातोय."

ज्योतीने तिथूनच आईला फोन लावला. हात चिकट, म्हणून स्पीकरवर.

"आई! हँग व्हयनं! मीच बंद पाडं!" एवढंच बोलली आणि तिला रडूच फुटलं.

पलीकडून आईचा आवाज आला.

"रडू नको माय. दुसरी नोकरी भेटी जाई. तोवर मना हात चालू शेतस ना."