लढाई कुणी काढली

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या मोजणी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा सहादेव भिंगारदिवे तिथे शिपाई होते. शेतात साखळी धरणं, हद्दीचे दगड उकरून काढणं, पंचांना बोलावून आणणं ही त्यांची कामं. त्याआधी पंधरा वर्षं ते फौजेत होते. बासष्टच्या चीनच्या लढाईत सापडले आणि सहा-सात महिने कैदेत राहून आले, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते त्यावर बोलत नसत. कोणी खोदून विचारलंच, तर "पाय लई गारठायचे, भाऊसाहेब," एवढं म्हणत आणि चहाचे कप गोळा करायला लागत.

सत्त्याण्णवला ते निवृत्त झाले. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल सुरू झालं आणि गावाला त्यांची आठवण झाली.

हायस्कूलात राधाकृष्ण सर इतिहास शिकवायचे. ते आधी माझ्याकडे आले. "सहादेवराव तुमचं ऐकतात. मुलांसमोर पाच मिनिटं बोलायला सांगा," म्हणाले. आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. ते दारात बाजेवर बसले होते. सरांनी खिशातून कागद काढला. "तुम्हाला त्रास नको म्हणून भाषण मीच लिहून आणलंय. नुसतं वाचायचं."

सहादेवरावांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. आपण मैत्रीचा हात पुढे केला, शेजाऱ्याने पाठीत वार केला, अशा अर्थाचा दोन पानी मजकूर होता. वाचून त्यांनी कागदाची घडी घातली.

"सर, हे मला पाठ हाय."

"म्हणजे?"

"असलंच एकदा म्हनून दाखवलं हुतं. लई वर्सं झाली."

त्यांना जायचं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण आतून चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी गीताबाई म्हणाल्या, "जावा की. न्हाई गेलं तर लोक म्हनत्यात, कैदेत कायतरी करून आलाय, म्हून लपवतोय. छत्तीस वर्सं ऐकतीय मी."

सहादेवरावांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "येतो, सर."

शाळेत त्या दिवशी पटांगणात मुलं बसली होती. सहादेवरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कागद खिशातच राहिला. माईक त्यांनी बाजूला सरकवला आणि कचेरीत बोलावं तसं बोलायला लागले.

"आमी मशीनगनवाले. आमाला एका नदीकाठी बसवलं. नदीपल्याड डोंगराची धार. आमचे साहेब म्हनायचे, हद्द त्या धारेवर हाय, म्हंजी नदी आपली. चिनी म्हनायचे, असली रेघ आमी कधी मानलीच न्हाई, ती इंग्रजानं वडली. आमच्याकडं नकाशा हुता. त्यात ती नदी दुसरीकडंच वाहत हुती. आमच्या अंगावर सुती कपडं, पायात कॅनव्हासचं बूट. एक दिवस पहाटं त्यांनी तोफा लावल्या. दुपारपोत्तर सगळं संपलं. मी धरला गेलो."

सर मान डोलावत होते, पण कागदातलं एकही वाक्य आलं नव्हतं.

"कैदेत रोज एक चिनी साहेब यायचा. हिंदी चांगलं बोलायचा. रोज इचारायचा, लढाई कुनी काढली? त्याला पाहिजे ते उत्तर असं, की तुमच्या सरकारनं चौक्या पुढं पुढं सरकवल्या, म्हून. मग सुटून आलो. आपल्या छावनीत आपल्याच साहेबानं पंधरा दिवस बसवून ठेवलं आनि तेच इचारलं. त्याला पाहिजे ते उत्तर असं, की त्यांनी तिकडं लडाखात चोरून रस्ता केला आनि इकडं दगा दिला. पुढं फौजेत कुनी म्हनायचं, तिबेटातलं लामा आपल्याकडं आलं त्याचा राग. कुनी म्हनायचं, दिल्लीत कुनाला थंडीच ठाऊक नव्हती. मी समद्यांना व्हय म्हनत गेलो."

पुढच्या रांगेत बसलेली शुभांगी नावाची नववीतली मुलगी उठली. "आजोबा, मग चूक कोणाची होती?"

"मला न्हाई सांगता यायचं, बाळा. चोवीस वर्सं मी बांधाची मोजनी केली. बांध म्या सरकवला असं म्हननारा एकबी मानूस भेटला न्हाई. ते आमच्या अंगावर आलं, एवढं मी डोळ्यानं बघितलं. त्याच्या आधीचं बघितलं न्हाई. आमाला तिथं कशापायी बसवलं, ते मला कुनी सांगितलं न्हाई."

एवढं बोलून ते खाली बसले. सरांनी घाईने आभार मानले आणि राष्ट्रगीत घेतलं.

परतताना सर फाटकापर्यंत आले. रागावले होते, पण वयाचा मान राखून बोलत होते. "मुलांच्या पेपरात याचं एका वाक्यात उत्तर असतं, सहादेवराव. त्यांनी आता काय लिहायचं?"

"पुस्तकातलंच लिहावं. मार्क मिळाया पाहिजेत."

"आणि तिकडे कारगिलला पोरं मरतायत. आज असं बोलायची वेळ होती का?"

"सुटून आलो तवाबी वेळ नव्हती, सर," ते म्हणाले. सर फाटकातूनच मागे फिरले.

रस्त्यात सहादेवराव मला म्हणाले, "भाऊसाहेब, राजूरला याल का संगं? गुडघा दुखतोय, एकट्यानं जमायचं न्हाई."

राजूर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मी कारण विचारलं. तेव्हा छगनचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. छगन राजूरचा, त्यांच्याच मशीनगनवर होता. सुटून आल्यावर, त्रेसष्टच्या पावसाळ्यात, सहादेवराव त्याच्या बायकोला भेटायला गेले होते. "तिनंबी तेच इचारलं. कशापायी मेला? छावनीत पाठ झालेलं म्या म्हनून टाकलं. चीननं दगा दिला, छगन गोळ्या झाडत झाडत मेला. ते खरं नव्हतं."

आठवड्याने आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. नगर, संगमनेर, अकोले, प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायची. बसमध्ये माणसं रेडिओच्या बातम्यांवर वाद घालत होती, कारगिलमध्ये कोण आधी घुसलं, कुणाला आधी कळलं, कुणी झोपा काढल्या. सहादेवराव डोळे मिटून बसले होते. अकोल्याच्या पुढे पाऊस लागला. भाताची आवणी, रोपांची लावणी, चालू होती. राजूरला पोचेपर्यंत चार वाजले.

छगनच्या पत्नी राहीबाई पुतण्याच्या घरी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाकी सगळे आवणीला गेलेले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं.

"भावजी का? लई म्हातारं झालात."

पाणी झालं, चौकशा झाल्या. मग सहादेवराव एकदम म्हणाले, "वैनी, मागं मी तुमास्नी खोटं बोललो. छगनला गोळी लागली न्हाई. लढाईच्या तीन दिवस आधी त्याची छाती भरली. उंचीवर हवा इरळ, वरनं थंडी. दोन दिवस खोकला, मंग गेला. अजून एकबी गोळी सुटली नव्हती."

राहीबाईंनी सुपातला खडा काढून बाहेर टाकला. "मला ठाऊक हाय."

सहादेवरावांनी मान वर केली.

"कागुद आल्ता. पोष्टमास्तरनं वाचून दाखिवला. आजारपनानं गेलं असं लिवल्यालं. मंग तुमी आलात आनि म्हनलात, लढत मेलं. तुमचं हाडं न् कातडं झाल्यालं. म्या म्हनलं, या मानसाला असं म्हनून बरं वाटत असंल, तर म्हनू दे."

"मंग इचारलंत कशापायी?"

"म्या लढाईचं कुटं इचारलं, भावजी? इतका धट्टाकट्टा मानूस आजारी पडला कसा, दवा का दिली न्हाई, ते इचारत हुते. तुमी चीनचं सांगाया लागलात."

सहादेवरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी सांगितलं. दवा नव्हती. डॉक्टर दोन दिवसांच्या चालीवर होता. त्यांनी आणि आणखी एकाने छगनला घोंगडीत घालून उतरवायला सुरुवात केली होती, तर मागे फिरायचा हुकूम आला, कारण गन सोडायची नव्हती. शेवटी छगनने पाणी मागितलं. डब्यात बर्फ वितळवून पाजलं. नाव कुणाचं घेतलं नाही, बोलता येत नव्हतं.

राहीबाई ऐकत होत्या. रडल्या नाहीत. "पानी पाजलंत ना," एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. आम्हाला जेवल्याशिवाय निघू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारलं, "आता हलकं वाटतंय का?"

"न्हाई," ते म्हणाले. "दमलोय निस्ता. घोंगडी आमी खाली ठिवली, भाऊसाहेब. हुकूम हुता, पन ठिवली आमीच."

पुढे पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांच्या सत्काराला ते गेले. नारळ घेतला, रांगेत बसले. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नाही. कार्यक्रम संपायच्या आतच ते उठले आणि गुडघा सांभाळत घरी चालत गेले.