डोमाकाकाची मुकी मयत

डोमाकाका आणि मी एकाच गाडीनं भिलाईला, पोलादाच्या कारखान्यात कामाला निघालो. आईनं माझ्या पिशवीत भाकरी-ठेचा बांधून दिला. काकानं सनई धोतरात गुंडाळून काखेत धरली होती, बसायला जागा मिळाली तरी खाली ठेवली नाही. आई फलाटावर मला म्हणाली, "डोमाले सोडू नको. तो हाय तं गाव हाय." गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यामागून इथं आलेल्यांनो, तुम्ही त्याच्या मयतीबद्दल अधूनमधून विचारता आणि मी विषय बदलतो. आज सांगतो.

काका नात्यानं माझा कोणी नव्हता. पण सनईला जोडीला सूर धरणारा लागतो. एक जण गाणं वाजवतो, दुसरा एकच स्वर न तोडता धरून ठेवतो. तो दुसरा मी. गालात हवा साठवून नाकानं श्वास घ्यायला त्यानंच मला शिकवलं, चुकलो की कान पिळून. तो वाजवायला लागला की लग्नातल्या म्हाताऱ्या ताट सोडून उठायच्या. मात्र पाटलाच्या दारी, लग्न असो की मयत, आम्ही वाजवायचो ते उन्हात उभं राहून, आणि जेवण मिळायचं पंगती उठल्यावर. बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा वस्तीनं ठरवलं, गावकीचं वाजवणं बंद. सगळ्यांत आधी हात वर केला तो काकानं.

भिलाईत आम्ही दोघं खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारे मजूर, म्हणून लागलो. कामगारांच्या कॅम्पात आमच्या झोपडीच्या एका बाजूला आंध्रचे, दुसऱ्या बाजूला बिहारचे. रशियन साहेब हातवारे करून काम सांगायचे. जात कोणी विचारत नव्हतं, निदान तोंडावर तरी. पुढं काकाची बायको, पारबताकाकू, आली. शिफ्ट सुटली की काका झोपडीमागं बसून आपल्यापुरतं वाजवायचा. मी सातवी पास, अक्षर बरं, म्हणून समाजाच्या कमिटीनं मला सेक्रेटरी केलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. वाजवण्यावरून लोकांना आपली जात कळते, म्हणून आम्ही ठराव केला की आपल्या माणसानं जुनी वाद्यं कुठंच वाजवायची नाहीत. निरोप घेऊन मीच गेलो.

काका म्हणाला, "दुसऱ्याच्या दारी म्या वाजवत नाई. आपल्या दारी कावून नाई?"

मी ठरावाचा कागद पुढं केला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानंतर कॅम्पात त्याची सनई कोणी ऐकली नाही.

चार पावसाळ्यांनी कावीळ होऊन तो गेला. काकूनं सनई आणून माझ्यासमोर ठेवली. "जल्मभर त्यायनं दुसऱ्याच्या मयती वाजवत नेल्या. आता त्यायले वाजवत ने. तुले येते."

गाणं मला येत नव्हतं, पण एक स्वर धरता आला असता. तेवढंच ती मागत होती. कमिटीचे लोक माझ्याकडं बघत होते, शेजारचे दारात उभे होते. मी म्हणालो, "काकू, ठराव हाय." आम्ही त्याला मुकाट नेलं.

नंतर मला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळालं. शेजारच्या फोरमननं मुलीच्या लग्नात शहनाईची रेकॉर्ड लावली. सगळे माना डोलवत होते, आमची कमिटीसुद्धा. "क्या बात है," आमचे अध्यक्ष म्हणाले. मी ताट सोडून उठलो. गावकी सोडली ते बरंच केलं, त्याचं मला आजही दुःख नाही. पण तिच्याबरोबर काकाचा गळा दाबला, आणि तो पाटलानं नाही, मी दाबला.

काकू गावाला परतली. रजा मिळाली की मीही जातो. माझी मुलं आजीशी हिंदीत बोलतात, तिला निम्मं कळत नाही. काकूचं घर वस्तीच्या तोंडाशीच. आधी मी समोरून जायचो तेव्हा ती ओसरीवरून हाक मारायची, "आला का बाबू? च्या पिऊन जाय." त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ज्या गावात आपल्या बापजाद्यांना देवळासमोरून चालायची चोरी होती, तिथं आता मला कोणी अडवत नाही. मीच नाल्याकडून, वस्तीच्या मागच्या वाटेनं घरी जातो.