शेंदरी खेकडा

पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत अंगणवाडीच्या अंगणात मी एक मोठा खेकडा केला आहे. महाडला शाळेत मी चित्रकला शिकवतो. लोक त्या खेकड्याचं कौतुक करतात, आणि मी मान हलवून गप्प बसतो. तो बसवल्यानंतरच्या दिवसांत काय झालं ते मी घरीसुद्धा बोललो नव्हतो.

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या होत्या, "सर, पोरांना चढायला, लपायला कायतरी करा. घसरगुंडी नको." त्या पोरांना ओढ्यातले खेकडे चांगले ठाऊक, म्हणून खेकडाच ठरवला. पाण्याच्या जुन्या टाकीची पाठ, ट्रकच्या टायरांचे पाय आणि पोटाखालून रांगत जायला बोगदा. रंग दिला शेंदरी. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर शेंदूर लावलेले दगड आहेत, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

उद्घाटनाला वाडीतली, मुंबईला कामाला असलेली मंडळी आली. ताई म्हणाल्या, पोरांनाच सरळ सोडू या आत. मीच अडून बसलो. रीतसर नारळ हवा, हार हवा, हळदकुंकू हवं. सगळं झालं. एक चिमुरडी टायरावर पाय टाकते न टाकते तोच तिची आई ओरडली, "उतर गो! देवाला पाय लावतेस?"

पुढच्या खेपेला गेलो तर बोगद्याच्या तोंडाशी पणती आणि फुलं. पोरं लांबूनच हात जोडून आत वर्गात पळायची.

"सर, तुम्ही सांगा ना," ताई म्हणाल्या. "माझं कोण ऐकतंय?"

"सांगतो," म्हणालो, आणि न सांगता एसटीत बसलो.

का, ते आता लिहितो. माझ्या चित्रांसमोर आजवर कुणी घटकाभर थांबलं नव्हतं. इथे माणसं चपला काढून उभी राहत होती. एका बाईने तर माझ्याच पायाला हात लावला, आणि मी तो लावू दिला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पोरांचं अंगण मी माझ्यासाठी अडवून ठेवलं होतं, आणि ते कळत असूनही पुन्हा जाऊन तसाच परत आलो.

मग एकदा तीच चिमुरडी कुंपणाशी उभी दिसली. तिने मला विचारलं, "ह्याच्या पोटात काय हाय?"

मी उत्तर देण्याआधी तिनेच सांगितलं, "आई बोलली, बघायचं नाय."

मी हार काढला, पणती उचलून बाजूला ठेवली आणि चपलांसकट खेकड्याच्या पाठीवर चढून बसलो. रोज फुलं वाहणारी आजी नेमकी तेव्हाच आली.

"मास्तर! येड लागलं काय रे तुला?"

"आजी, हा देव नाय. भंगारातला खेकडा हाय. तुम्ही पाया पडत होता ते मला आवडत होतं, म्हणून बोललो नाय."

आजीने हातातली फुलं खाली ठेवली. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"मंग आधी नाय सांगायचंस? गुडघे दुखत असताना रोज चढ चढून येते मी!" आणि तिला हसू फुटलं. हसत हसतच चिमुरडीकडे वळली. "जा गो, बघून ये त्याच्या पोटात काय हाय. आईला मी सांगते."

चिमुरडी आत शिरली. वर्गाच्या दारातून पोरं बघतच होती. ताईंनी दार पुरतं उघडलं, तशी सगळी एकदम सुटली. पाठीवर, टायरांवर, बोगद्यात, जिकडे तिकडे पोरंच. एकाची चड्डी फाटली. दोघींची डोकी आदळली, रडणं झालं आणि पुन्हा रांग लागली.

दोन्ही नांग्या मी पाइपाने आतून जोडल्या होत्या, एकीत बोललं की दुसरीत ऐकू यावं म्हणून. हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. ते पोरांनी आपलं आपण शोधलं. मी एका नांगीला कान लावला. आतून आवाज आला, "मास्तर येडा हाय!"

मी पाइपाला तोंड लावून ओरडलो, "हाय! हाय!"

पलीकडे जो काही हशा उसळला, तसा हशा माझ्या कुठल्याच चित्राने आजवर मिळवला नव्हता.