एकेचाळिसावी खुंटी

मुरबाडला आगगाडी येणार, ही बातमी इतकी जुनी की ती पहिल्यांदा कुणी आणली हे सांगायला माणूस उरलेला नाही. पण १९५५च्या हिवाळ्यात ती खरी वाटली. कल्याणच्या बाजूनं दुर्बीण, साखळी आणि लाल-पांढरे बांबू घेऊन माणसं खरोखरच मोजत मोजत आली. मुरबाडचे व्यापारी स्टेशन बाजाराच्या कुठल्या अंगाला हवं यावरून हमरीतुमरीवर आले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

हेदवाडीच्या धाकलूला मात्र त्या गाडीनं हातात काम दिलं. त्याला स्वतःची जमीन नाही. भातकापणी उरकली की वीटभट्टीवर जाणाऱ्यांतला तो. त्या साली त्याच्या घरी कमळ जन्मली होती. पंधरा दिवसांच्या लेकीला घेऊन भट्टीवर जावं लागलं नाही, याचंच त्याला अप्रूप. साखळीचं एक टोक धरायचं आणि साहेब दाखवील तिथं नंबर घातलेली खुंटी ठोकायची. ओव्हरसियरनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम भरला होता, "एक खुंटी वीतभर हलली तर अख्खी लाइन चुकेल. मग गाडी विसरा."

एकेचाळिसावी खुंटी नेमकी वाडीच्या कडेला, हेदाच्या झाडाखाली, धाकलूच्या बापाच्या चिऱ्याला खेटून आली. माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड पुरायचा आणि नवा तांदूळ आधी त्याच्यापुढं ठेवायचा, ही वाडीची रीत. धाकलूची आई रंगू त्या दगडाला पाठ लावून बसली ती उठेना.

"बापाच्या उरावरून गाडी नेशील काय रे?"

"सरकारी खुंटी हाय गो आई."

"मंग मलाबी इथंच पूर."

दुसऱ्या दिवशी साहेबाचे तंबू पुढच्या गावाला हलले. धाकलूनं खुंटी उपटली आणि पाच हात पलीकडं ठोकली. कुणी पाहिलं नाही. बायकोला, सकुबाईला, त्यानं सांगितलं नाही.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं सहा वर्षं झाली. मुरबाडच्या हॉटेलात कुणीतरी सहज म्हणायचं, "मोजणीत चूक निघाली असंल," आणि धाकलू अर्धा चहा तसाच टाकून उठायचा. खुंटी परत जागेवर ठोकावी, तर म्हातारी जिवंत. ती गेली, तेव्हा तिचाही चिरा नवऱ्याशेजारी बसला. मग धाकलू उरलेल्या खुंट्या सांभाळू लागला. पावसाळा सरला की भोवतीचं गवत काढायचा, कुणी सरपणाला खुंटी नेली की त्याच्याशी भांडायचा. लोक त्याला स्टेशनमास्तर म्हणून हसायचे. तोही कसनुसं हसायचा.

१९६२च्या श्रावणात कमळला ताप भरला. मुरबाडच्या डॉक्टरनं कल्याणला न्यायला सांगितलं. एसटी रायत्याच्या पुलाशी थांबली. पुलावरून पाणी चाललं होतं. तीन तास पाणी उतरलं नाही. कमळ एसटीतच, सकुबाईच्या मांडीवर गेली. शेजारचा एक म्हातारा चांगल्या मनानं म्हणाला, "आगगाडी असती तर पोर वाचली असती. तिचा पूल उंच असतो." धाकलूनं त्या म्हाताऱ्याकडं असं पाहिलं की म्हातारा उठून मागं जाऊन बसला.

हेदाखाली तिसरा, लहानसा चिरा आला.

१९६७ साली पुन्हा माणसं आली, पुन्हा साखळी आली. जुन्या खुंट्या ठाऊक असलेला माणूस म्हणून धाकलूला बोलावणं आलं. तो एकेक जागा दाखवत गेला आणि एकेचाळिसाव्या खुंटीपाशी थांबला. नव्या साहेबाला त्यानं सगळं सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

साहेब माणूस वाईट नव्हता. पण त्याला हसू आलं. "अरे बाबा, ते कागद त्याच साली बासनात बांधले. पैसाच नव्हता. तुझी खुंटी कुणी पाहिलीसुद्धा नाही."

"पन ते बोलले व्हते, वीतभर हलली तर..."

"ते आम्ही सगळीकडंच सांगतो. नाहीतर खुंट्या चुलीत जातात."

घरी येऊन धाकलूनं तेच सकुबाईला सांगितलं, खुंटी उपटल्यापासून साहेबाच्या हसण्यापर्यंत. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"म्हंजे तुजं चुकलं नाय."

"साहेब म्हनतो, नाय."

"मंग कोनाचं चुकलं?"

पाच वर्षं धाकलू स्वतःला शिव्या घालत आला होता. निदान शिव्या घालायला कुणीतरी होतं. आता तेही नाही. पोर अशीच गेली, कुणाच्याही चुकीशिवाय, हे त्याला सोसवेना. साहेब आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी तो पहार घेऊन हेदाखाली गेला. बापाचा चिरा काढला, आईचा काढला. सकुबाई मागोमाग आली होती. ती त्याला अडवायला आली नव्हती. कमळचा चिरा मात्र तिनं त्याला काढू दिला नाही. तो तिनं स्वतः हातांनी माती उकरून काढला, पदरानं पुसला आणि कडेवर घेऊन घरी नेला.

धाकलूनं मूळ जागा पावलांनी तीनतीनदा मोजली आणि खुंटी ठोकली. साहेब म्हणाला, याची काही गरज नव्हती, लाइन जरा वळवली असती.

त्याही मोजणीची गाडी आली नाही.